कॅम्पातल्या गोऱ्या पूर्वजाचं मृत्युपत्र मिळालं, आता त्या बाईचं माहेर शोधायचंय (बेळगाव-खानापूर)

मलप्रभाकाठची

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे. अर्धवट सांगितलं तर मदत करणाऱ्यांनाच त्रास, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही बेळगावचे मराठी ख्रिस्ती, कॅम्पाच्या (लष्करी छावणीच्या) बाजूचे. आपल्या घराण्यात एक इंग्रज होऊन गेला, किल्ल्यातल्या दारूगोळ्याच्या कोठारावर नोकरीला होता, एवढं आजी सांगायची. त्याच्या बायकोचा विषय निघाला की मात्र उठून आत जायची. साहेबाचं आडनाव आमच्यात अजून चालतं. ज्या बाईच्या पोटी आम्ही सगळे आलो, तिचं नाव घरात कुणालाच ठाऊक नाही. मला साहेबापेक्षा ती हवी आहे. हा धागा तिच्यासाठी आहे.

साहेब लवकर सापडला, कारण कंपनी सरकारने आपल्या माणसांचे कागद नीट राखले. इथे वारलेल्या युरोपियनांची मृत्युपत्रं मुंबई, मद्रास नाहीतर कलकत्त्याच्या कोर्टात शाबीत व्हायची आणि त्यांच्या नकला लंडनला जायच्या. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत 'इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स'मध्ये आहेत. मृत्युपत्रांची मालिका एल/एजी/३४/२९, मयताच्या चीजवस्तूंच्या याद्या एल/एजी/३४/२७. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची पुस्तकं निराळी: बंगालची एन/१, मद्रासची एन/२, मुंबईची एन/३. 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी' या संस्थेची सूची नेटवर फुकट बघता येते. मी तिथून सुरुवात केली आणि मग नकला मागवल्या.

बेळगावकरांनी एक ध्यानात ठेवावं. १८१८ साली किल्ला घेतला तो मन्रोने, आणि मन्रो मद्रासच्या फौजेतला. आपला मुलूख मुंबई इलाख्यात राहिला, १८३६ साली धारवाडातून निघून बेळगावचा वेगळा जिल्हा झाला. तरी पूर्वज फौजेतला असेल तर मुंबईबरोबर मद्रासची पुस्तकंही चाळा. आमच्या साहेबाच्या दोन्ही मुलांचे बाप्तिस्मे मला एन/२ मध्ये मिळाले आणि मृत्युपत्र मुंबईच्या सुप्रीम कोर्टात. पेन्शनीत निघाल्यावर तो कॅम्पातच राहिला होता.

आता मृत्युपत्र. १८४० च्या दशकातलं आहे. सुरुवातीला नेहमीचा देवाधर्माचा मजकूर, मग सरळ हिशेब. रोख रक्कम दोन मुलांना समान. मुलगा आणि मुलगी दोघांनाही मुंबईला भायखळ्याच्या शाळेत पाठवावं. (ही शाळा 'बाँबे एज्युकेशन सोसायटी'ची. १८१५ साली आर्चडीकन बार्न्सने संस्था काढली ती अशाच मुलांसाठी. तीच शाळा पुढे देवळालीला गेली, आजचं बार्न्स स्कूल.) 'माझ्या मुलांच्या आईला' हयातभर दरमहा ठरावीक रुपये, शिवाय जागा घ्यायला एकरकमी पैसे. मृत्युपत्र अमलात आणायला दोन पंच नेमले, दोघेही फौजेतले. आईचं नाव एकदाच येतं. नुसतं पाळण्यातलं नाव, तेही इंग्रजी कानाला ऐकू आलं तसं. बापाचं नाव नाही, गाव नाही, जात नाही.

त्याच्या मागे चीजवस्तूंची यादी आहे आणि ती वाचताना माझा हात थांबला. माणूस गेल्यावर त्याच्या सामानाचा लिलाव व्हायचा आणि कुणी काय किती रुपयांना घेतलं ते लिहून ठेवायचे. खोगीर एका सार्जंटने घेतलं. घड्याळ आणि काचसामान कॅम्पातल्या पारशी दुकानदाराने. तट्टू तिसऱ्याच कुणी. आणि दोन ओळींपुढे तिचं नाव: तांब्याचा हंडा, एक पाळणा, दोन घोंगड्या. ज्या घरात ती वर्षानुवर्षं राबली, त्या घरातला हंडा तिला बोली लावून विकत घ्यावा लागला.

मुलगा तरुणपणीच वारला. मुलगी शाळा संपवून बेळगावला परत आली आणि लंडन मिशनच्या एका मराठी शिक्षकाशी तिचं लग्न झालं. आम्ही तिचा वंश. घरात अजून एक वाक्य चालत आलंय: "खानापूरकडची जमीन कोर्टात गेली." कुणाची, कधी, काही माहीत नाही. पण साहेबाची जमीन खानापूरला असायचं कारण नाही, म्हणून ती त्या बाईच्या माहेरची असावी असं मला वाटतं.

तर, बेळगाव-खानापूरचे त्या काळचे दिवाणी दावे आणि मृत्युपत्रं कुठे आणि कशी बघायची? घरातली नावं इथे देत नाही, दोन्ही बाजूंचे वंशज हयात आहेत.

दस्तनोंद

अक्का, सब-रजिस्ट्रार ऑफिसात आयुष्य गेलं माझं. त्या बाजूचं सांगतो.

नोंदणीचा पहिला कायदा १८६४ चा, नंतर १८६६, १८७१, १८७७ आणि शेवटचा १९०८, जो आजही चालू आहे. लोक पहिल्या पुस्तकात खरेदीखतं, गहाणखतं शोधतात आणि नाही म्हणून परत जातात. मृत्युपत्रं पहिल्या पुस्तकात नसतात. ती तिसऱ्या पुस्तकात, दत्तक घ्यायच्या अधिकारपत्रांबरोबर. लखोटा बंद करून ठेवायला दिलेल्या मृत्युपत्रांचं पाचवं पुस्तक वेगळं, ते जिल्हा रजिस्ट्रारकडे. तिसऱ्या पुस्तकाची सूची सोन्यासारखी असते. करणाऱ्याचं नाव, त्याने नेमलेल्या माणसांची नावं, आणि तो वारल्यावर त्या कागदावरून हक्क सांगणाऱ्यांचीसुद्धा नावं तिच्यात घालतात.

पहिलं पुस्तक फी भरून कुणालाही बघता येतं. तिसरं मात्र हातात मिळत नाही. शोध ऑफिसच घेतं, आणि मृत्युपत्र करणारा वारला असेल तर मागेल त्याला नक्कल मिळते. अर्ज कन्नडमध्ये लिहा. जमत नसेल तर कचेरीबाहेरच्या बाँडरायटरकडून लिहून घ्या. सालांचा अंदाज द्या, नुसतं 'जुनं' म्हणून कुणी शोधत नाही. आताची ऑनलाइन ई.सी. (जमिनीवरच्या बोज्याचा दाखला) तुमच्या कामाची नाही, ती अलीकडच्या दस्तांपुरती.

फक्त, मृत्युपत्र नोंदवायची सक्ती तेव्हाही नव्हती, आताही नाही. तुमची बाई १८६४ च्या आधी वारली असेल तर हा रस्ता बंद.

बाररूम

वर दस्तनोंदकाकांनी सांगितलं त्याला जोडून. खानापूरच्या कोर्टात बरीच वर्षं काम केलंय.

पहिल्यांदा हे ठरवा की कुणाला कुठला कायदा लागू होता. त्यावरून कागद कुठे असेल ते कळतं. १८६५ चा वारसा कायदा युरोपियन आणि ख्रिस्ती लोकांना लागू होता, हिंदूंना नाही. हिंदूंसाठी १८७० साली वेगळा कायदा आला. मृत्युपत्र लेखी हवं, दोन साक्षीदार हवेत, असं त्यात होतं. पण आपल्या इलाख्यात तो मुंबई शहरापुरता. बेळगावसारख्या मोफसलात (मुख्य शहराबाहेरच्या मुलखात) हिंदू माणसाने तोंडी मृत्युपत्र केलं तरी चालायचं. ही मोकळीक थेट १ जानेवारी १९२७ पर्यंत होती.

याचा तुमच्या शोधाशी संबंध असा. साहेबाची मुलगी बाप्तिस्मा झालेली, तिची आई बहुधा हिंदूच राहिली असावी. मरताना चार माणसांसमोर "माझी जमीन पोरीला" एवढं बोलली असेल तर तेवढं पुरेसं. पण असलं मृत्युपत्र कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. त्यावरून भांडण झालं असेल तर साक्षीदारांच्या जबान्यांत मिळेल. ज्या घरात सगळं सुरळीत वाटून झालं, तिथे वंशजांच्या हाती काही लागत नाही. भाऊबंद कोर्टात गेले की बाई कुणाची लेक, कुठून आली, कुणी सांभाळली, सगळं शपथेवर लिहिलं जातं. आपल्या घरच्या वंशावळींत लेकी-सुना नसतातच. दाव्यात त्या असतात, कारण वाद बहुतेक त्यांच्यावरूनच असतो.

कुठे बघायचं: खालच्या कोर्टात पूर्वी मुन्सफ असायचा, १८६९ च्या कायद्यानंतर सबॉर्डिनेट जज्ज. त्यावर अपील जिल्हा कोर्टात, त्यावर मुंबई हायकोर्टात. १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्याआधीची हायकोर्टाची अपिलं सगळी मुंबईची. फाईलचे भाग पाडून मुदत संपली की बरेचसे नष्ट करतात, जबान्या आधी जातात. दाव्यांचं रजिस्टर आणि हुकूमनामे (कोर्टाचे अंतिम आदेश) जास्त टिकतात. रजिस्टरमध्ये वादी-प्रतिवादींचं राहण्याचं गाव लिहिलेलं असतं. तुम्हाला तेवढं मिळालं तरी पुढचं दार उघडेल.

अजून एक. १८२७ चं आठवं रेग्युलेशन बघा, मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या वेळचं. वारस म्हणून दाखला पाहिजे तर जिल्हा कोर्टात अर्ज करायचा, कोर्ट जाहीरनामा लावून हरकती मागवायचं. वारसदाखल्याचे अर्ज छोटे असतात, पण त्यात नातं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि हरकत आली असेल तर दुसऱ्या बाजूचं नातंही.

शहापूरकर

मूळ धाग्याला थोडं आडवं, पण बेळगावात शोधणाऱ्यांना उपयोगी पडेल. आमचं शहापूर बेळगावला चिकटलेलं असलं तरी ते सांगली संस्थानात होतं, ८ मार्च १९४८ ला दक्षिणेतली संस्थानं विलीन होईपर्यंत. गल्ली ओलांडली की कायदा बदलायचा. माझ्या पणजोबांच्या दुकानाचा वाद मी बेळगावच्या जिल्हा कोर्टाच्या रजिस्टरात शोधत बसलो असतो तर जन्मभर सापडला नसता, तो संस्थानच्या कोर्टातला. निपाणी-चिकोडीकडच्यांनीही साल बघून कचेरी ठरवावी. चिकोडी मुलूख १८२७ पर्यंत कोल्हापूरकडे होता. आणि चंदगडकरांचे जुने कागद बेळगाव जिल्ह्यातले, कारण १९५६ ला बेळगाव म्हैसूरला गेलं तेव्हा चंदगड तेवढं मागे राहिलं.

मलप्रभाकाठची

@बाररूम, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून घेतला. तोंडी मृत्युपत्राचं माहीत नव्हतं. मी उगाच तिच्या नावाचा नोंदवलेला कागद शोधत बसले असते.

@शहापूरकर, उपयोगी आहे, आडवं कसलं. माझ्या आत्याच्या सासरच्यांना हेच सांगणार आहे.

दाव्यांचं रजिस्टर बघायला अर्ज केलाय.

मोडीवाली_निपाणी

ताई, रजिस्टरवरून पुढे मराठी कागद हाती आले तर बहुतेक मोडीत असतील. घाबरू नका, टाका इथे, वाचून देते. तोपर्यंत थोडं.

'बिन' दिसलं की बापाचं नाव पुढे. 'कोम' दिसलं की नवऱ्याचं. तुमच्या बाईच्या नावापुढे 'कोम' आलं तर आधी लग्न झालेलं होतं असं समजा, आणि मग सासरचंही गाव शोधा. कागदाच्या तळाशी साक्षी असतात त्या वाचायचा कंटाळा करू नका. लिहिता न येणाऱ्या माणसाची सही म्हणजे निशाणी. शेतकऱ्याचा नांगर, बाईमाणसाची बांगडी, कुणाची कट्यार. नक्कल करणारा चित्र काढत नाही, नुसतं 'निशाणी बांगडी' असं लिहितो. साक्षीदार बहुतेक शेजारचे, नात्यातले. एकाच साक्षीदाराचं नाव दोन-तीन कागदांवर आलं की तो घरचा माणूस.

सालासाठी: शकात ७८ मिळवा. सुहूर सन (जुन्या मराठी कागदांवरचं साल) अरबी अंकशब्दांत लिहितात, उलटं वाचायचं, आधी एकं मग दहं. त्यात ५९९ मिळवले की इंग्रजी साल येतं, पण ते मृगापासून सुरू होतं, म्हणजे जूनपासून. पुढच्या जानेवारी ते मे महिन्यांतल्या कागदाला ६०० मिळवा.

हिंडलग्याचा

छान चाललाय धागा. माझा प्रश्न साधा आहे. आमच्यात कुणी गोरा नव्हता, पणजोबांचे वडील कलेक्टर कचेरीत कारकून. लंडनच्या कागदांत आमचं काही असेल का?

बाररूम

@हिंडलग्याचा, लंडनमध्ये शोधू नका. तुमचे कागद इथेच. इनामजमीन असेल तर इनाम कमिशनचे कागद बघा, १८५२ च्या अकराव्या कायद्याचं कमिशन. पिढीजात इनाम राखायचं तर लोकांना कैफियत (हक्काची लेखी हकिकत) आणि वंशावळ द्यावी लागली. ते दफ्तर पुण्याला आहे. वाद वरपर्यंत गेला असेल तर छापील रिपोर्ट चाळा. मुंबई हायकोर्टाचे १८६२ पासूनचे, १८७६ पासून इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका. पुष्कळसे निकाल 'इंडियन कानून' या वेबसाइटवर शोधता येतात. गावाचं आणि आडनावाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग घालून बघा, तीन-चार तऱ्हांनी. हायकोर्टाच्या मोठ्या अपिलात सगळा पुरावा भाषांतर करून छापायचे, वंशावळीसकट.

कणकुंबीची_सून

मी थोडं वेगळं बोलणार आहे. खानापूरकडच्या गावांत शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या जमिनीचं नाव काढून कुणी बेळगावहून आलं की पहिला विचार एकच येतो, हिला वाटणी पाहिजे. माझ्या सासरी असं झालंय. एक पाहुणे 'आमचं मूळ इथलं' म्हणत आले, दोन वर्षांनी नोटीस आली. त्यामुळे ताई, कुणाच्या दारात जायच्या आधी गावातल्या जाणत्या माणसाला सोबत घ्या, आणि कशाला आलात ते पहिल्या वाक्यात सांगा. बाहेरच्या माणसाने जुने कागद मागणं म्हणजे आमच्याकडे साधी गोष्ट नाही. आणि त्या बाईबद्दलही जपून बोला. तिच्याकडच्यांनी पिढ्यान् पिढ्या लपवलेली गोष्ट असेल.

मलप्रभाकाठची

कणकुंबीच्या वहिनी, बरं झालं लिहिलंत. हे कुठल्या आर्काइव्हमध्ये शिकायला मिळत नाही. जाताना लेखी चिठ्ठी घेऊन जाईन, जमिनीवर आमचा काही हक्क नाही आणि सांगणार नाही, अशी.

मलप्रभाकाठची

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय, आणि लिहिण्यासारखं आहे.

रजिस्टरमध्ये दावा मिळाला. वादी आमची, म्हणजे साहेबाची मुलगी, नवऱ्याच्या नावासकट. प्रतिवादी तिघं भाऊ, राहणार खानापूर तालुक्यातलं जंगलाच्या बाजूचं एक गाव. दाव्याचं कारण जमिनीचा कब्जा. १८७० च्या दशकातला. फाईल नाही, नष्ट झालेली. पण गावाचं नाव मिळालं.

वहिनींनी सांगितलं तसंच केलं. गावातल्या निवृत्त मास्तरांना घेऊन गेले, चिठ्ठी पुढे ठेवली. घरातले थोरले काका बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग त्यांनी आतून रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेलं कागदांचं गाठोडं, आणायला सांगितला. त्यांच्या पूर्वजांनी दावा लढवताना काढलेल्या नकला त्या घराने आजपर्यंत जपून ठेवल्यात. कोर्टाने फेकून दिलं ते प्रतिवादींनी राखलं! मी प्रत्येक पानाचे फोटो घेतले.

निकालपत्राची नक्कल बाळबोधीत (देवनागरीत) आहे, जबान्यांचा सारांश आलाय. थोडक्यात असं:

तिचं पूर्ण नाव आहे. बापाचं नाव आहे. लहानपणी लग्न झालं, नवरा वारला, सासरच्यांनी परत पाठवलं. दुष्काळी सालात मावशीबरोबर बेळगावला आली. मावशी कॅम्पात दूध घालायची. एका म्हाताऱ्या गवळ्याची साक्ष आहे, तो सांगतो की ही साहेबाच्या बंगल्यावर राहायची, साहेब हिला मान देऊन वागवायचा, आजारपणात त्याची सगळी शुश्रूषा हिने केली. साहेब वारल्यावर पंचांकडून मिळालेल्या रकमेतून तिने माहेरच्या गावात जमीन घेतली आणि भावाच्या घराजवळ झोपडी बांधून राहिली. भावाने आसरा दिला. जेवणाखाण्याचा व्यवहार वेगळा होता, पण आजारी पडली की भावजय यायची, असं भावजयीनेच शपथेवर सांगितलंय, स्वतःच्या मुलांच्या विरुद्ध जाऊन. मुलगी वर्षातून एकदा बेळगावहून भेटायला यायची.

मरताना तिने जमीन लेकीला दिली, असं वादीचं म्हणणं. तोंडीच, बाररूमकाकांनी सांगितलं होतं तसंच. भाचे म्हणाले, असं काही बोलली नाही, शिवाय लेक ख्रिस्ती, तिला हिंदू बाईची जमीन कशी जाईल. शेवटी तडजोड झाली. जमीन भाच्यांकडे राहिली, त्यांनी लेकीला रक्कम दिली. हुकूमनामा त्याप्रमाणे.

काकांनी मला त्या भावजयीचंही नाव सांगितलं. त्यांची ती खापरपणजी. आमच्या घरात तिची आठवण कुणाला असायचं कारणच नव्हतं. पण त्या घरातून कोर्टात उभं राहून खरं बोलणारी ती एकटी होती.

दस्तनोंद

अक्का, वाचून समाधान वाटलं. एवढी वर्षं लोक जुन्या नकला मागायला यायचे ते भांडायलाच. असंही कुणी येतं हे बघायला मिळालं.

बाररूम

फार चांगलं काम झालंय. कायद्याच्या बाजूचं दोन शब्द, कारण भाच्यांचा मुद्दा त्या काळी वरवरचा नव्हता.

१८५० चा एकविसावा कायदा होता, धर्म सोडला किंवा जातीबाहेर टाकलं म्हणून वारसाहक्क जाणार नाही असा. पण तुमच्या पूर्वज बाईने धर्म बदलला नव्हता आणि तिची लेक जन्मल्यापासून ख्रिस्ती. मग कुठला कायदा लावायचा हा खराच प्रश्न. म्हणून वादीने वारसा न सांगता तोंडी मृत्युपत्राचा आधार घेतला असणार. तिच्या वकिलाला समज होती.

याच तऱ्हेचा मोठा दावा आपल्यापासून फार लांब नसलेल्या बळ्ळारीत झाला होता, अब्राहम विरुद्ध अब्राहम. मॅथ्यू अब्राहम हा मूळच्या हिंदू वंशातला ख्रिस्ती व्यापारी, १८४२ साली मृत्युपत्र न करता वारला. बायको शार्लट मिश्र वंशाची. धाकटा भाऊ फ्रान्सिस म्हणाला, आमचं एकत्र हिंदू कुटुंब, मला हिस्सा हवा. वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत (लंडनच्या शेवटच्या अपिलाच्या कोर्टापर्यंत) गेला आणि १८६३ ला निकाल लागला. कौन्सिलने म्हटलं की धर्म बदलला की हिंदू कायद्याचं बंधन सुटतं, पण माणूस जुन्या रिवाजाने राहू शकतो किंवा नवा धरू शकतो, तो कसा राहिला ते बघायचं. त्यामुळे ते कुटुंब कपडे कुठले घालायचं, कुणात मिसळायचं, असल्या गोष्टी पुराव्यात आल्या. मूरच्या इंडियन अपील्स या छापील निकालांच्या नवव्या खंडात आहे. तुमच्या दाव्यात गवळ्याला आणि भावजयीला राहणी विचारली गेली, ती याच दिशेने. मुद्दाम वाचा.

मलप्रभाकाठची

वाचते काका. 'जेवणाखाण्याचा व्यवहार वेगळा' हे कोर्टाने इतकं खोदून का विचारलं ते मला कळत नव्हतं.

मोडीवाली ताई, रुमालात एक छोटा कागद मोडीत आहे, फोटो टाकलाय. पंचांकडून पैसे मिळाल्याची पावती असावी असं काकांचं म्हणणं.

मोडीवाली_निपाणी

वाचला. पावतीच आहे. मूळ कागद नाही, दाव्यात पुरावा म्हणून दाखल झालेल्या कागदाची नक्कल आहे, वर कोर्टाचा नंबर आहे.

तारीख: शके १७६६ क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष. शेजारी सुहूर सन खमस अर्बैन मयातैन व अलफ. म्हणजे १२४५. दोन्ही जुळतात, १८४४ चा डिसेंबर. त्याच पावसाळ्याच्या शेवटी कोल्हापूर संस्थानातल्या सामानगडच्या गडकऱ्यांचं बंड मोडायला बेळगावहून फौज गेली होती, ऑक्टोबरात गड घेतला. पावती त्यानंतरची. दोन पंचांपैकी एकाच्याच हातून पैसे दिलेले दिसतात, दुसऱ्याचं नाव मजकुरात नाही. तो कुठल्या पलटणीत होता बघा, कदाचित मोहिमेवर असेल.

मजकूर सरळ आहे. साहेब मजकूर मयत, त्यांनी लिहून ठेवल्याप्रमाणे जागा घेण्याकरता रक्कम पावली, माझी कोणतीही तक्रार नाही. खाली तिचं नाव, 'बिन' नाही, 'कोम' आहे, आणि नवऱ्याचं नाव. म्हणजे साहेबाच्या पश्चातही तिने आपल्या आधीच्या, वारलेल्या नवऱ्याचं नाव लावलं. पुढे 'निशाणी बांगडी'. साक्षी तीन. त्यातला एक तुमच्या निकालपत्रातला गवळी आहे असं मला वाटतं, नाव तेच, बापाचं नावही तेच. तीस वर्षांनी तोच माणूस तिच्या लेकीसाठी कोर्टात उभा राहिला.

कणकुंबीची_सून

ताई, 'कोम'च्या पुढे जे नाव आहे त्याचं गाव मिळालं का? सासरचे हयात असतील तर तिकडे न गेलेलं बरं. माहेरच्यांनी तुम्हाला घरात घेतलं हेच खूप आहे.

मलप्रभाकाठची

वहिनी, नाही जाणार. ज्यांनी तिला परत पाठवलं त्यांच्याकडून मला काही नको. पुढचं काम मिशनच्या बाजूचं. लंडन मिशन बेळगावात १८२० पासून होतं, १९०४ ला ते अमेरिकन मेथडिस्टांकडे गेलं. जुनी पत्रं लंडनला 'सोआस' या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. लेकीचा नवरा मिशनचा शिक्षक होता, तेव्हा दाव्याबद्दल कुणी मिशनऱ्याने लिहिलं असण्याची शक्यता आहे. शिक्षकाच्या बायकोने कोर्टात जाणं ही त्यांच्या लेखी साधी गोष्ट नसणार.

मोडीवाली_निपाणी

ते बघाच. आणि ताई, पावतीच्या पाठीमागचा फोटो दिसत नाही. नकलेच्या पाठीवर अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कुणी घेतली ते लिहिलेलं असतं. नक्कल तिघा भावांपैकी कुणी काढली की भावजयीने, हे त्यावरून कळेल. काकांकडे पुन्हा जाल तेव्हा पाठपान घ्या, आणि रुमालातले कोरे वाटणारे कागदही उलटून बघा.

मलप्रभाकाठची

काकांना आत्ताच फोन केला. रविवारी ये म्हणाले. पाठपानं घेऊन इथेच टाकते.